कंबर आणि ओझं: शेतात, खळ्यावर, गोदामात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोयाबीन निघायला लागलं की माझ्याकडे येणारी माणसं दारातूनच ओळखू येतात. एक हात कमरेवर, अंग एका बाजूला कललेलं, पाऊल जपून टाकलेलं. मी कास्तकाराची मुलगी. यवतमाळ जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. दवाखान्यात, बाजार समितीच्या आवारात, बचत गटाच्या बैठकीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं बरंचसं तिच्यावर उभं आहे: उचलण्याआधी ओझं कुठे ठेवलेलं होतं, यावरच कमरेचं बरंचसं ठरतं.

वीस वर्षं झाली पोते उचलतो, कधी काही झालं नाही. मग पाण्याच्या बादलीनं कंबर काहून धरली?

बादली फक्त शेवटची ठरली. मणक्याच्या हाडांमध्ये गाद्या असतात, एकूण २३. त्यातल्या अगदी खालच्या दोन गाद्यांना सगळ्यात जास्त मार बसतो. गादीच्या आत मऊ गर आणि बाहेर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे घट्ट थर असतात. वाकून आणि पिळून ओझं उचलत गेलं की त्या थरांना बारीक चिरा पडतात. गादीच्या आतल्या भागात दुखणं कळवणाऱ्या नसा जवळजवळ नसतात, म्हणून वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. तिथे रक्तही फारसं पोचत नाही, त्यामुळे भरून यायला वेळ लागतो. मग एक दिवस बादली उचलताना किंवा नुसती चप्पल घालायला वाकताना उसण भरते आणि दोष बादलीवर जातो.

वेळेचाही संबंध आहे. रात्री आडवं पडल्यावर गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो तो त्यामुळेच. फुगलेली गादी वाकताना जास्त ताणली जाते. आपल्याकडे तर अंथरुणातून उठल्या उठल्या शेण काढायला वाकायचं असतं. ज्यांची कंबर एकदा धरून गेली आहे त्यांनी उठल्यावरचा पहिला तास वाकून करायचं काम टाळावं. जनावरं सोडा, चहा करा, एक चक्कर मारून या, शेण नंतर काढा. एवढा साधा बदल करून बरं वाटलेल्या बाया माझ्याकडे आहेत. तासभर ट्रॅक्टर हाकून किंवा एसटीत बसून आल्यावरही लगेच पोत्याला हात घालू नका. पाच मिनिटं उभं राहा, चाला, मग सुरू करा.

एका माणसानं किती किलो उचलावं?

एकच आकडा सगळ्यांना लागू पडत नाही, तरी अंदाज यावा म्हणून दोन आकडे सांगते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ मध्ये अशी शिफारस केली की प्रौढ पुरुषाला नेहमी वाहायला लावायचं ओझं ५५ किलोच्या वर नसावं, आणि बायांसाठी त्याहून बरंच कमी असावं. अमेरिकेतली कामाच्या सुरक्षेवर संशोधन करणारी संस्था नायॉश २३ किलो ही मर्यादा धरते. तीसुद्धा ओझं अंगाजवळ, कमरेच्या आसपासच्या उंचीवर, न पिळता आणि कधीमधी उचलायचं असेल तेव्हा. जमिनीवरून, वळून, दिवसभर उचलायचं असेल तर मर्यादा आणखी खाली येते.

आता आपल्या रोजच्या वस्तू बघा. युरियाचं पोतं ४५ किलोचं (२०१८ पर्यंत ५०चं होतं), डीएपी आणि सिमेंट ५०, भरलेलं घरगुती सिलिंडर साधारण ३० किलो, ४० लिटरचा दुधाचा भरलेला कॅन ४० किलोच्या वर. म्हणजे आपण सहज म्हणून जे उचलतो, त्यातलं जवळजवळ सगळं एका माणसासाठी जास्तच आहे. पोत्याचं वजन आपल्या हातात नाही. पण दोघांनी उचलणं आणि उचलण्याची उंची ठरवणं आपल्या हातात आहे.

बरोबर उचलायचं म्हणजे नेमकं कसं? "पाठ सरळ ठेवा" एवढंच सगळे सांगतात.

"पाठ सरळ" यापेक्षा "ओझं पोटाला चिकटलेलं" हे महत्त्वाचं आहे. पहारीनं दगड उचलताना आपण लांब टोक धरतो, म्हणून थोड्या जोरात मोठा दगड हलतो. कमरेत हे उलटं आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर, म्हणजे पहारीच्या आखूड टोकाला, आणि ओझं लांब टोकाला. २० किलोची वस्तू अंगापासून ५० सेंटिमीटर दूर धरली तर ती पेलायला त्या स्नायूंना साधारण २०० किलोची ओढ लावावी लागते. वाकलेल्या धडाचं वजन वेगळंच. तीच वस्तू २० सेंटिमीटरवर आणली तर ओढ ८० किलोवर येते. वस्तू तीच, माणूस तोच.

म्हणून आधी ओझ्याच्या जवळ जा, शक्य असेल तर ते दोन पायांच्या मध्ये घ्या. एक पाऊल थोडं पुढे, एक मागे. गुडघे आणि मांड्यांच्या सांध्यातून खाली बसा. पूर्ण उकिडवं बसायची गरज नाही, गुडघे दुखणाऱ्यांना ते जमतही नाही. पोतं आधी उभं करा, मग कवेत घ्या आणि छातीला लावूनच उठा. उठताना श्वास कोंडून झटका देऊ नका.

वळायचं असेल तर पाय उचलून वळा. उसण बहुतेक वेळा इथेच भरते. हातात ओझं, पावलं जागेवर आणि कंबर पिळून पोतं बाजूला टाकायचं, ही ट्रॉली भरतानाची रोजची हालचाल आहे. दोघे मिळून उचलत असाल तर साधारण सारख्या उंचीची जोडी लावा आणि एकानंच "हं, उचल" म्हणावं. एकानं आधी उचललं की दुसऱ्याची कंबर गेलीच समजा.

आणि पोतं हातातून निसटलं तर निसटू द्या, पाय तेवढे मागे घ्या. सांडलेलं सोयाबीन भरून घेता येतं. निसटतं पोतं झेलायला गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

आम्ही सगळं बरोबर करतो, तरी संध्याकाळी कंबर मोडते. मग चुकतं कुठं?

जागेत. हे मला एका शेतकरी गटाच्या गोदामात अर्धा दिवस बसल्यावर कळलं. चार हमाल होते, चौघंही तरबेज. दोघं आकड्यानं पोतं उचलून तिसऱ्याच्या पाठीवर देत होते. तो वाकूनच दहा-बारा पावलं जायचा, फळीवरून ट्रकवर चढायचा आणि पोतं खांद्यावरून सोडून द्यायचा. घेऊन जाणाऱ्याचं अंग ठरलेल्या लयीत चालत होतं, त्याला फारसा त्रास नव्हता. त्रास होता जमिनीवरून उचलून देणाऱ्या दोघांना. थप्पीच्या वरच्या थरांतली पोती कमरेच्या उंचीवर होती तोवर दोघं गप्पा मारत काम करत होते. खालचे दोन थर आले आणि बोलणं बंद झालं. प्रत्येक पोत्याला पूर्ण वाकणं, दर चार-पाच पोत्यांनंतर कमरेवर हात.

पुढच्या हंगामात त्यांनी थप्पीखाली गुडघ्याच्या उंचीचा सिमेंटच्या विटांचा ओटा बांधून घेतला. उंदीर आणि ओल यांच्यापासून माल वाचतो, हेच कारण गटाच्या लोकांना पटलं. कमरेचं कारण मी सांगितलं होतं, त्यावर कोणी फार लक्ष दिलं नव्हतं. पण देणाऱ्या दोघांनी मला नंतर आपणहून सांगितलं की आता खालचा थर आला तरी भीती वाटत नाही.

घरीही हेच करता येतं. पोतं, ढेपेचं चुंगडं, पाण्याचा गुंड, सिलिंडर, दुधाचा कॅन, जे पुन्हा उचलायचं आहे ते जमिनीवर ठेवूच नका. ओट्यावर, खाटेवर, बंडीच्या साटीवर, दोन विटा आणि फळी टाकून, कुठंही ठेवा, पण गुडघ्याच्या वर ठेवा. मळणीयंत्राखाली धान्य भरताना पोतं उभं ठेवायला पाटा लावा. ट्रॉलीचं फाळकं पाडूनच भरा, फाळक्यावरून पोतं फेकू नका. थप्पी छातीच्या वर नेऊ नका, कारण डोक्यावरून काढताना कंबर मागे वाकते आणि पोतं अंगावर येतं. आणि रिकामी हातगाडी कोपऱ्यात पडली असेल तर तिच्या चाकात आज हवा भरा. पंक्चर गाडीमुळे किती पोती पाठीवर जातात याचा विचार कोणी करत नाही.

फवारणीचा पंप पाठीवर घेताना दर वेळी झटका बसतो.

सोळा लिटरच्या पंपात सोळा किलो पाणी आणि वर पंपाचं वजन, म्हणजे वीस किलोच्या आसपास. तो जमिनीवर भरायचा, एका पट्ट्यानं उचलायचा आणि अंग पिळून दुसरा हात घालायचा, यात कमरेला जे काही वाईट ते सगळं एकत्र येतं. त्याऐवजी पंप बंडीवर, धुऱ्यावरच्या उंच दगडावर किंवा पालथ्या ड्रमवर ठेवा. तिथेच भरा, त्याच्याकडे पाठ करून दोन्ही हात पट्ट्यांत घाला आणि गुडघ्यांनी उठा. उतरवतानाही तिथेच टेकवा. दोन्ही पट्टे सारखे आणि आखूड ठेवा, पंप पाठीच्या मध्यावर घट्ट बसला पाहिजे. खाली लोंबला की माणूस आपोआप पुढे वाकून चालतो. पाणी दूर असेल आणि वय झालं असेल तर टाकी बारा लिटरच भरा. दोन खेपा जास्त होतील, होऊ द्या.

आम्ही बाया तर ओझं उचलतच नाही. निंदतो, कापूस वेचतो, रोवणी करतो. मग कंबर का दुखते?

कारण वाकून राहणं हेही ओझंच आहे. तासभर वाकलेलं राहिलं की मणक्यामागचे बंध ताणून सैल पडतात आणि पुन्हा घट्ट व्हायला बराच वेळ घेतात. त्या सैल अवस्थेत शेवटी भारा किंवा गाठोडं उचललं की दुखापत होते. म्हणजे दुखापत उचलताना होते, पण तयारी सकाळपासून झालेली असते.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात रोवणीला बाया चिखलात पाय रुतवून, गुडघे ताठ ठेवून दिवसभर वाकतात. तिथे बसताही येत नाही. तुम्हाला एकच सांगते: पात संपली की, किंवा वीस-पंचवीस मिनिटं झाली की, उभं राहा, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच वेळा हळूच मागे झुका. एकटीनं केलं तर मुकादम बोलतो, म्हणून सगळ्या मिळून करा. पेंढ्या पोचवायचं काम एकीकडेच ठेवू नका, आळीपाळीनं करा, तेवढीच कंबर सरळ होते. निंदणाला जिथे ओळीत मोकळी जागा आहे तिथे हातानं ढकलायचं सायकल कोळपं उभ्यानं चालवता येतं. गटानं मिळून एक घेतलं तरी पुष्कळ.

कापूस वेचताना ओटी पुढे लोंबत जाते आणि कंबर तिच्यामागे ओढली जाते. ओटी अर्धी भरली की रिकामी करायला हवी हे सगळ्यांना कळतं. पण मजुरी किलोवर असते, धुऱ्यापर्यंत जाऊन यायला वेळ मोडतो, म्हणून बाई ती गच्च भरेपर्यंत ओढते. यात वेचणारीला दोष देऊन उपयोग नाही. शेतमालकानं वावरात तीन-चार ठिकाणी चवाळी अंथरली तर प्रश्न मिटतो. संध्याकाळी काट्याला गाठोडं टांगताना दोघींनी मिळून बल्ली लावून उचला. मोठं एक गाठोडं बांधण्यापेक्षा लहान दोन बांधा.

आणखी एक, जे बाया माझ्या कानात सांगतात. कंबर दुखते आणि अंगावरून पांढरंही जातं, ओटीपोट दुखतं, तर ते दुखणं मणक्याचं नसूही शकतं. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी डॉ. राणी बंग यांनी केली होती आणि १९८९ मध्ये ती लॅन्सेट या नियतकालिकात छापून आली. ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला होता. तेव्हा लाजू नका, बाईच्या डॉक्टरकडे एकदा दाखवा. गरोदर बाईनं पोतं, सिलिंडर, भरलेला गुंड उचलू नये. त्या दिवसांत सांधे सैल झालेले असतात, आणि बाळंतपणानंतरही काही महिने तसेच राहतात.

डोक्यावरून नेलेलं बरं की हातात?

चुंबळ ठेवून डोक्यावर नेलेलं ओझं सरळ खाली उतरतं, त्यामुळे चालताना कमरेला ते हातातल्या लोंबत्या ओझ्यापेक्षा सोसतं. मानेचं मात्र तसं नाही, ती झिजते. आणि खरा धोका चढवताना आणि उतरवताना आहे. एकटीनं जमिनीवरून डोक्यावर घेऊ नका. विहिरीवर, हापशीवर कमरेइतका ओटा असावा ही मागणी ग्रामसभेत करण्यासारखी आहे. हातात न्यायचं असेल तर एका हातात मोठी बादली नेण्यापेक्षा दोन्ही हातांत अर्ध्या अर्ध्या न्या.

कमरेचा पट्टा बांधून काम केलं तर?

दुखापत टाळायला पट्टा कामाला येतो याचा भक्कम पुरावा नाही. नायॉशनं १९९४ मध्येच तसं सांगितलं. पट्टा बांधला की माणसाला वाटतं आता जास्त उचलता येईल, आणि तिथेच घात होतो. दुखणं ताजं असताना चार दिवस डॉक्टरांनी दिला तर बांधा. त्याच पैशात ओट्याला विटा येतात.

उसण भरली. आता काय करू?

आहे तिथे ओझं सोडा आणि पाठीवर झोपून गुडघ्याखाली उशी किंवा घोंगडी घ्या. शेक बरा वाटतो, घ्या. एखाद-दुसरा दिवस आराम पुरे. आठ-आठ दिवस खाटेवर पडून राहिल्यानं स्नायू ढिले पडतात आणि दुखणं लांबतं, म्हणून घरातल्या घरात थोडं थोडं चालत राहा. बहुतेकांची उसण चार-सहा आठवड्यांत बरी होते.

पायाळू माणसाकडून पाय लावून घ्यायची रीत आपल्याकडे जुनी आहे. नुसता हलका पाय लावला तर अपाय नाही, आणि लावणाऱ्यामागची माया मी नाकारत नाही. पण लाथ, झटका, पाठीवर उभं राहून चालणं, मणका "बसवून" घेणं हे करू देऊ नका. पायात मुंग्या येत असतील तर मुळीच नाही.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल तळमळीनं सांगते. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रोज, उपाशीपोटी, त्यातही विदर्भाच्या उन्हात पाणी कमी पडलेल्या शरीरात गेल्या तर किडनीवर घाला घालतात. कागदात बांधून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस जादू वाटते, मग चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात. नाव छापलेलं नसेल ते औषध घेऊ नका.

डॉक्टर म्हणाले, "मणक्यात गॅप आहे." ऑपरेशन करावं लागेल का?

बहुधा नाही. "गॅप" हा शब्द ऐकून लोक घाबरतात, जणू मणका मधून तुटला. खरं तर हाडांमधली गादी झिजून ते अंतर कमी झालेलं असतं. चाळिशीनंतर काहीच दुखत नसलेल्या माणसाचा एमआरआय काढला तरी अशी झीज पुष्कळदा दिसते. म्हणून साध्या उसणीला पहिल्याच दिवशी एमआरआयवर पैसे घालू नका. पायात उतरणारी कळ व्यायामानं आणि वेळेनं बरीचशी ओसरते. शस्त्रक्रिया लागलीच तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

मग लगेच दवाखान्यात कधी जायचं?

लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला, लघवी अडली, जांघेत आणि बसायच्या जागेवर बधिरपणा आला, किंवा दोन्ही पायांत कमजोरी आली, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच मेडिकल कॉलेज गाठा, नागपूर, यवतमाळ, सेवाग्राम, जे जवळ असेल ते. नसांवर दाब राहिला तर काही तासांचाही फरक पडतो.

पंजा उचलता येत नसेल, चप्पल पायातून निसटत असेल, झाडावरून किंवा ट्रॉलीवरून पडल्यावर दुखत असेल, तरी त्याच दिवशी दाखवा. बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपू न देणारी कंबर यात मणक्याचा क्षयरोग असू शकतो. खोकला नसतानाही तो होतो. सरकारी दवाखान्यात त्याचं औषध मोफत आहे आणि वेळेत सुरू केलं तर माणूस पुन्हा शेतात उभा राहतो.

कामावर कंबर गेली तर भरपाई मिळते का?

त्याच दिवशी लेखी नोंद करा: तारीख, वेळ, काय उचलत होता, सोबत कोण होतं. डॉक्टरांना "कामावर पोतं उचलताना" असं केस पेपरवर लिहायला सांगा. "कंबरदुखी" एवढंच लिहिलं तर पुढे काही सिद्ध होत नाही. बाजार समितीतल्या हमालांसाठी १९६९चा माथाडी कायदा आहे, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला. माथाडी मंडळात नोंद असेल तर भविष्य निर्वाह निधी आणि उपचार, दोन्हीचा हक्क आहे, म्हणून नोंद नसेल तर आधी ती करून घ्या. जिनिंगमध्ये, राइस मिलमध्ये पगारातून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापलं जात असेल तर उपचार आणि आजारपणातला पगार तिथून मिळतो. रोजानं शेतात जाणाऱ्यांचं दुखणं मात्र कुठल्याच खिडकीवर नीट बसत नाही. शेतकऱ्यांसाठीची गोपीनाथ मुंडे अपघात योजना मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, उसणीसाठी नाही. हे मला बरोबर वाटत नाही आणि ग्रामसभेत मी ते बोलतेही.

आता बरं वाटतंय. पोतं कधी उचलू?

माझ्या वडिलांनी चौथ्या दिवशी उचललं होतं. पेरणी तोंडावर होती, खत टाकायला माणूस मिळत नव्हता. दुसऱ्यांदा धरलेली कंबर सुटायला त्यांना तीन महिने लागले आणि ती पेरणी शेवटी माझ्या काकांनीच केली.

आधी अर्धा तास न थांबता चालून बघा. पायात कळ उतरली नाही तर पाच किलोची बादली ओट्यावरून ओट्यावर ठेवा, आठवडाभर. मग दहा, मग पंधरा, दर आठवड्याला एक पायरी. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर जास्त ताठली तर एक पायरी मागे या. पूर्ण पोतं सगळ्यात शेवटी, आणि तेही दोघांनी. तोवर खताचं पोतं जिथे उतरवलं तिथेच फोडा आणि घमेल्यानं न्या.